गुप्तधन, ‘तुंबाड’ आणि आपण

‘तुंबाड’ हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. आम्ही तो दोन्ही वेळा पाहिला. पहिल्या वेळी पाहिला तो एक देखणा भयपट म्हणून. दुसऱ्या वेळी मात्र आमच्या आणि पडद्याच्या मध्ये म्हैसाळ उभे होते.

कवठे महांकाळच्या माणसाला म्हैसाळ हे नाव पाण्यामुळे ठाऊक. कृष्णेचे पाणी तिथून उचलून आमच्या दुष्काळी तालुक्यात आणणारी योजना त्याच नावाने ओळखली जाते. त्या गावात २० जून २०२२ रोजी दोन भावांच्या कुटुंबांतली नऊ माणसे मृतावस्थेत सापडली. एक भाऊ शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. म्हणजे अडाणी म्हणून बाजूला सारावे असे हे घर नव्हते. आधी ती कर्जापायी झालेली सामूहिक आत्महत्या वाटली. आठवडाभरात पोलिसांनी वेगळे सांगितले : गुप्तधन काढून देतो म्हणून या घराकडून पैसे घेणाऱ्या मांत्रिकाने आणि त्याच्या साथीदाराने त्यांना विष दिले. सोलापूरच्या दोघांना अटक झाली. त्यांपैकी एकाचे नाव आपल्यातले होते.

दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आम्हांला आठवते ती त्या दिवसांतली आपल्या मोहल्ल्यांतली कुजबुज. ‘नाव मोठ्या अक्षरांत का छापले?’ हा प्रश्न सर्वांनी विचारला, आणि तो गैर नव्हता. ‘आपल्यातला माणूस या धंद्यात गेलाच कसा?’ हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. आम्हीही नाही. ‘तुंबाड’विषयी आज लिहावेसे वाटते ते या न विचारलेल्या प्रश्नामुळे.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा चित्रपट हिंदीत असला तरी त्याचे हाडमांस मराठी आहे. त्याच्या मुळाशी नारायण धारप यांची कथा आहे, आणि गावाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे मराठी वाचकाच्या ओळखीचे. काळ १९१८ ते १९४७. कोकणातल्या सततच्या पावसात एक जुना वाडा. वाड्यात सोन्याचा ठेवा असल्याची वदंता. आणि साखळदंडाने बांधून ठेवलेली, मरण न येणारी एक म्हातारी. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याने सारे सोने घेतले, आणि धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले, पण एका अटीवर : त्याची पूजा कधीही होणार नाही. विनायक नावाचा मुलगा या वाड्यातून पुण्याला जातो, मोठा होऊन परत येतो, म्हातारीकडून गुपित काढून घेतो आणि विहिरीतून देवीच्या गर्भात उतरू लागतो. पिठाची बाहुली टाकायची, भुकेला हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मुद्रा पडतात, त्या उचलायच्या आणि दोर धरून वर यायचे.

आडगावातला एखादा पंथ, त्याचे अघोरी विधी आणि त्यात सापडलेला माणूस, असे भयपट जगभर निघाले. १९७३ सालचा ब्रिटिश ‘द विकर मॅन’ हा त्यांतला गाजलेला. स्कॉटलंडच्या एका बेटावर हरवलेल्या मुलीच्या शोधात पोलीस अधिकारी येतो आणि बेटावरच्या लोकांच्या बळीच्या विधीत सापडतो. २०१९ सालच्या ‘मिडसमर’मध्ये स्वीडनच्या खेड्यात अमेरिकन विद्यार्थी जातात. अशा चित्रपटांत भय पाहायला बाहेरचा माणूस आत जातो, आणि प्रेक्षकही त्या बाहेरच्याच्या खांद्यावर बसून ‘त्यांच्याकडे’ पाहतो. ‘तुंबाड’ने ही मांडणी उलटी केली. इथे बाहेरचा कोणी नाही. घरातलाच मुलगा घरात परत येतो. पंथ म्हणावा तर एका घराचा. त्याला ना गुरू, ना जमात. फार काय, त्यात इबादतही नाही. हस्तरची पूजा तर निषिद्धच. आहे ती फक्त कृती : पीठ किती घ्यायचे, दोर कुठे बांधायचा, किती वेळात वर यायचे. ती बापाकडून मुलाकडे जाते, एखाद्या धंद्यासारखी. अकीदा संपून गेला आहे आणि विधी शिल्लक राहिला आहे, हे या चित्रपटाचे खरे भय आहे.

त्याच वर्षी, २ मार्च २०१८ रोजी, ‘परी’ हा हिंदी भयपट आला होता. त्यातही गुप्त पंथ आहे, पण त्याचा सारा साज आपल्या घरातला : इफरित, ‘औलादचक्र’, पंथाच्या मागे लागलेला ढाक्याचा प्राध्यापक कासिम अली, आणि रुखसाना नावाची दुर्दैवी मुलगी. न्यायाने बोलायचे तर चित्रपटाची सहानुभूती रुखसानाकडेच आहे आणि अनुष्का शर्माने ती भूमिका जीव ओतून केली आहे. पण भीती निर्माण करायला तिथे दुसऱ्याच्या घरातले शब्द पुरेसे ठरतात. बहुसंख्य प्रेक्षकाला ते अनोळखी, म्हणून भयंकर. ‘तुंबाड’ ही सवलत घेत नाही. तो आपल्याच समाजातले प्रतिष्ठित, सोवळ्यातले घर निवडतो आणि त्याच्या तळघरात उतरतो. पंथावरच्या चित्रपटाला लावायची कसोटी आमच्या मते हीच : भय कोणाच्या घरात ठेवले आहे?

चित्रपटात उणिवा आहेत. विनायकची आई, बायको, ठेवलेली बाई या साऱ्या त्याच्या लोभाच्या वाटेवरच्या खुणा होऊन राहतात. अनिता दातेंची वैदेही दोन-चार प्रसंगांत जे दाखवून जाते, त्यावरून तिला आणखी जागा हवी होती असे वाटते. दुसरी गोष्ट वाड्याभोवतीच्या गावाची. तुंबाड खेड तालुक्यातले. त्या तालुक्यात, जगबुडीच्या काठाने, आपली किती जुनी वस्ती आहे हे कोकणी मुसलमानाला सांगायला नको. चित्रपटाच्या तुंबाडात मात्र कूळ नाही, बलुतेदार नाही, मोहल्ला नाही. शेजारच्याच चिपळूण तालुक्यातल्या हमीद दलवाईंनी ‘इंधन’मध्ये १९६५ साली कोकणातले गाव दोन्ही बाजूंच्या माणसांसकट उभे केले होते. ते गाव इथे शोधू नये हे खरे. पण शेजारीच नसल्यामुळे वाड्याच्या सोन्याची किंमत कोणी मोजली, कोणाच्या शेतसाऱ्यातून तो वाडा उभा राहिला, हे प्रश्न पावसात वाहून जातात.

आमच्या भागाला सोने नवे नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ इथली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. दुसऱ्यांचे जुने सोने आटवून शुद्ध करायचे, भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर सोसायचा आणि मजुरी घ्यायची. दुष्काळाने त्यांना ती वाट दाखवली. त्याच दुष्काळी मातीत गुप्तधनाचे स्वप्नही उगवते. कर्ज अंगावर असलेल्या माणसाला ‘तुझ्याच जमिनीत आहे’ असे सांगणारा हवाच असतो. विनायकला परिस्थितीने घेरले नव्हते. एका फेरीत पोट भरले असते, तरी तो पुन्हा पुन्हा उतरतो. म्हैसाळसारख्या ठिकाणी मात्र लोभ आणि नाइलाज एकमेकांत मिसळलेले असतात. हा धागा ‘तुंबाड’मध्ये नाही, तो आपल्या लेखकाला मोकळा आहे.

आपल्या आजीच्या गोष्टींत खजिन्यावर बसलेला जिन्न असतोच. पण आपल्याला दुसऱ्याही दोन गोष्टी लहानपणापासून माहीत आहेत. एक कारूनची, जो खजिन्यासकट जमिनीत गडप झाला. दुसरी दर जुम्म्याला घराघरांत पढल्या जाणाऱ्या सूरह कहफमधली : पडायला आलेली भिंत एक बुजुर्ग मजुरी न घेता उभी करतो, कारण तिच्याखाली दोन यतीम मुलांचा ठेवा आहे आणि तो ती मोठी होईपर्यंत राखायचा आहे. गाडलेले धन तिथे अमानत आहे. ते काढून देणारा नव्हे, राखणारा थोर ठरतो. ज्या घरात ही गोष्ट दर आठवड्याला पढली जाते त्याच घरातला एखादा मुलगा गुप्तधनाचा धंदा कसा शिकतो? तावीज, पलिता, फाल यांवरून आपल्यात मतभेद आहेत आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात डोके टेकवणाऱ्यांवरूनही आहेत. ते असू द्यावेत. दर्ग्यात माणूस मागतो. मांत्रिकाकडे तो सौदा करतो. श्रद्धेतून सौद्याकडे जाणारी ती पायरी कधी उतरली गेली, हे पाहणे साहित्याचे काम आहे.

कायद्याने आपले काम केले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. म्हैसाळ त्यानंतर नऊ वर्षांनी घडले. कायदा मांत्रिकाला पकडू शकतो. त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या मनात शिरू शकत नाही.

तिथे कथा शिरते. सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण दंगलींवर लिहिले, गरिबीवर लिहिले, तलाकवर लिहिले. आमिलाच्या खोलीतली भयकथा मात्र आमच्या वाचनात आली नाही. कारण उघड आहे : आपण लिहिले तर बाहेरचे ते उचलतील, ‘परी’सारखे भांडवल करतील. ही भीती खोटी नाही. पण न लिहिल्याने भांडवल थांबलेले नाही. वर्तमानपत्राचा मथळा आपल्यासाठी थांबत नाही.

‘तुंबाड’मध्ये पांडुरंगाची, म्हणजे विनायकच्या मुलाची, भूमिका मोहम्मद समद या मुलाने केली आहे. साखळदंडातल्या म्हातारीच्या रंगभूषेआडही तोच आहे. वारशाने जिला कुजवले ती आणि शेवटी बापाने पुढे केलेला मुद्रांनी भरलेला लंगोट नाकारणारा तो, हे दोघे एकाच मुलाने उभे केले आहेत. नाकारताना पांडुरंग भाषण करत नाही. त्याला बापाचा राग आहे, बापावर मायाही आहे, आणि बापाने शिकवलेली सारी कृती त्याला पाठ आहे. म्हणूनच त्याच्या नकाराला वजन आहे.

आपली ती कथाही आतूनच लिहावी लागेल. मारल्या गेलेल्या घराच्या दारातून नव्हे. ती कोणीही लिहील. आपल्याला लिहायची आहे ती आमिलाच्या घरातून. तावीज भरताना बापाला केशराची शाई उगाळून देणारा मुलगा तिच्यात हवा. बाहेरच्या खोलीत बसलेल्या गरजवंताला चहा नेऊन देणारी, आणि त्याच्या पिशवीत काय आहे हे ओळखणारी बायको हवी. त्या मुलाने एके दिवशी शाईची वाटी बाजूला ठेवली, की आपली कथा सुरू होईल.