पालि ‘विवेक’ आणि आगाशिवाचीं लेणीं

सातारा-सांगलीकडील पोथीसंग्राहकांस ‘विवेक’ हा शब्द ‘दासबोधा’मुळें सारासारविचार ह्या अर्थीं परिचयाचा. पालि ग्रंथ वाचतांना तोच अर्थ मनांत धरल्यास मोठी फसगत होते. तेथें विवेक म्हणजे वेगळें होणें, एकान्त. ‘कायविवेक’ हा देहाचा, ‘चित्तविवेक’ मनाचा. ‘उपधिविवेक’ म्हणजे तर निर्वाणच. पहिल्या ध्यानांतील प्रीतिसुख ‘विवेकज’ म्हटलें आहे, तें कामादिकांपासून दूर झाल्यामुळें; सारासार निवडल्यामुळें नव्हे. (वितर्क-विचार त्या ध्यानांत असतात खरे, पण दुसऱ्यांत ते गळतात.)

मात्र ह्या एकान्तास अरण्यवास समजणेंही चुकीचेंच. कऱ्हाडजवळील आगाशिवाच्या डोंगरांत साठांहून अधिक लेणीं आहेत. फर्ग्युसन व बर्जेस ह्यांच्या १८८० च्या ग्रंथांत त्यांचें वर्णन आहे. नक्षीकाम अल्प, म्हणून प्रवासी तीं झटपट उरकतात. आमच्या मतें त्यांचें मोल त्या साधेपणांतच आहे. विनयाप्रमाणें भिक्षूंचा निवास गांवाहून फार दूर नसावा, फार जवळही नसावा. भिक्षेसाठीं रोज खालीं उतरावें लागे. पंधरवड्यास उपोसथासाठीं सर्वांनीं एकत्र जमावें लागे. निजावयास ओटा असलेली खोली एकट्याची. पण कित्येक ठिकाणीं तिचें दार उघडतें तें सामाईक दालनांत.