वाचकाचा वेळ आणि मुलाचा प्रश्न

शियाळी रामामृत रंगनाथन् यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पांच सूत्रांवरील इंग्रजी ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार मूळचे गणिताचे अध्यापक, आणि विवेचनही तसेंच काटेकोर. ग्रंथ उपयोगासाठीं असतात. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक लाभावा. वाचकाचा वेळ वांचवावा. ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था होय. यांतील चार सूत्रें आम्हांस सोळा आणे मान्य आहेत. वेळ वांचविण्याचें चौथें सूत्र मात्र शाळेच्या ग्रंथालयास जसेंच्या तसें लागू करतां येईल काय, याविषयीं आम्ही साशंक आहों.

खोपोलीजवळच्या शिळफाट्यावरील एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें कीं, उन्हाळ्यांत आसपासचे ओढे आटतात, मग पाताळगंगा वाहती कशी राहते? ‘वीजघराचें पाणी’ असें सांगून गुरुजींना मोकळें होतां येईल. वेळ वांचेल खरा, पण जिज्ञासाही तेथेंच विझेल. त्याऐवजीं मुलाच्या हातीं नकाशा द्यावा. वळवण व शिरवटा हे तलाव घाटमाथ्यावर, इंद्रायणीच्या खोऱ्यांत आहेत, हें त्याला दिसेल. टाटांचें खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, हें दुसऱ्या पुस्तकांत सांपडेल. भीमा-कृष्णेवाटे पूर्वसमुद्रास जावयाचें पाणी नळांतून घाट उतरतें, वीज देतें आणि पाताळगंगेवाटे पश्चिमसमुद्रास मिळतें, हा उलगडा मग त्याचा तोच करील. आणि ‘धरणाखालीं ज्यांच्या जमिनी जातात त्यांचें काय?’ असें त्यानें पुढें विचारल्यास, टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापति बापटांनीं चालविलेल्या १९२१ च्या सत्याग्रहाची हकीकत त्याच्यापुढें ठेवावी लागेल.

तेव्हां ग्रंथ हुडकण्याचा वेळ वांचवावा, विचार करण्याचा वांचवूं नये, अशी दुरुस्ती आम्ही सुचवितों. वाचकास ग्रंथपालाचें साहाय्य हवें, हा रंगनाथन् यांचा आग्रहच असल्यामुळें ती त्यांच्या मताशीं विसंगत ठरूं नये.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानें प्रत्येक शाळेस ग्रंथालय, वृत्तपत्रें, मासिकें व सर्व विषयांचीं पुस्तकें आवश्यक ठरविलीं; ग्रंथपालाचें नांव मात्र तेथें नाहीं. पुस्तक हरवल्यास भरपाई अंगावर येईल, या धास्तीनें जेथें कपाटास कुलूप लागतें, तेथें पहिलेंच सूत्र भंगतें. चौथ्याची चर्चा मग कोणासाठीं करावयाची? पालकांनीं शाळेंत पुस्तकांची संख्या विचारण्यापूर्वीं कपाट आठवड्यांतून किती तास उघडें असतें आणि त्या वेळीं मुलांजवळ कोण बसतें, एवढें अवश्य विचारावें.