कावासाकींचा निबंध : वर्णन आणि भाकीत

तोमिसाकु कावासाकी यांचा १९६७ साली जपानी भाषेत प्रसिद्ध झालेला निबंध बालरोगशास्त्रातील वर्णनाचा आदर्श मानला जातो, आणि ते यथार्थच आहे. १९६१ च्या जानेवारीत टोकियोतील रेडक्रॉस रुग्णालयात आलेल्या एका चार वर्षांच्या मुलापासून आरंभ करून त्यांनी ५० बालरुग्ण नोंदविले. न हटणारा ज्वर, लाल डोळे, भेगाळलेले ओठ, पुरळ, मानेतील सुजलेल्या ग्रंथी आणि बोटांच्या अग्रांवरून सुटणारी त्वचा ही लक्षणे एकत्र पाहणारी दृष्टी असामान्य होय.

परंतु अचूक वर्णन निराळे आणि अचूक भाकीत निराळे. हा विकार आपोआप शमतो व मागे काही ठेवीत नाही, असा निबंधाचा निष्कर्ष होता. रोगास दिलेले नावही त्वचा, श्लेष्मकला आणि लसीका ग्रंथी यांपाशीच थांबले. हृदयास त्यात स्थान मिळाले नाही. पुढे शवविच्छेदनांत हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा शोथ, विस्फार आणि त्यांतील गुठळ्या आढळल्या. कावासाकींनी सहकाऱ्यांसह १९७४ च्या इंग्रजी निबंधात त्या नमूद केल्या. स्वमत सुधारण्याची ही तयारी मूळ निबंधाइतकीच मोलाची ठरते.

उपचाराविना सुमारे एक चतुर्थांश मुलांत या रोहिण्यांवर परिणाम होतो; आरंभीच्या दहा दिवसांत शिरेवाटे इम्युनोग्लोबुलिन दिल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येते. अनेक विस्फार कालांतराने ओसरतात. तथापि ‘ओसरणे’ म्हणजे ‘पूर्ववत होणे’ नव्हे. रोहिणीचे अस्तर जाड व भिंत ताठर राहू शकते. मोठे विस्फार तर गुठळीने किंवा आकुंचनाने ऐन तारुण्यात हृदयविकाराचा झटका आणू शकतात. अमेरिकेत सॅन दिएगो येथील २०१२ च्या अभ्यासात, हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या संशयावरून तपासलेल्या चाळिशीच्या आतील रुग्णांपैकी सुमारे ५ टक्क्यांत या बालविकाराच्या खुणा दिसल्या.

निबंधाची मर्यादा येथे व्यवहारात उतरते. झटका आलेल्या तरुणास धूम्रपान, मधुमेह आणि पित्याचा हृद्रोग यांविषयी विचारले जाते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आलेल्या दीर्घ ज्वराविषयी क्वचितच. ती आठवण बहुधा मातेपाशी असते, आणि तिला तो ताप उतरल्याचेच स्मरण असते. म्हणून ‘बरा झाला’ या नोंदीपुढे रोहिण्यांची स्थिती लिहिणे, आणि ती नोंद रुग्णाबरोबर प्रौढ वयापर्यंत जाऊ देणे, हेच त्या निबंधातील उणिवेचे खरे परिमार्जन होय.