शारदाश्रम : वऱ्हाडाचे संशोधन वऱ्हाडात

इतिहास-संशोधन म्हटले की पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (1910) आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ ही नावे चटकन पुढे येतात. यवतमाळच्या शारदाश्रमाचे नाव निघालेच तर महानुभाव पोथ्यांच्या संदर्भात, तेही तळटीपेत. डॉ. य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' 1925 साली आले. या एका पुस्तकाच्या सावलीत संस्थेचे दुसरे काम झाकले गेले, असे मला वाटते.

वाशीमचा ताम्रपट घ्या. तो 1939 मध्ये उजेडात आला. देशपांडे आणि शारदाश्रमाचे डी. बी. महाजन यांनी त्याचे वाचन त्याच वर्षीच्या कलकत्त्याच्या इतिहास परिषदेपुढे ठेवले. वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहूनच, दिलेले हे दान दुसऱ्या विंध्यशक्तीचे, राज्यवर्ष 37. वंशावळ संस्कृतात, पुढचा मजकूर बराचसा प्राकृतात. विंध्यशक्तीचा बाप सर्वसेन, हे त्यातून कळले. अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखात त्या जागी रुद्रसेन वाचले जात होते! वा. वि. मिराशींनी ते दुरुस्त केले आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्वतंत्र उभी राहिली. मिराशींचे संपादन पुढे प्रमाण ठरले, ते रास्तच. पण पहिले वाचन यवतमाळकरांचे, हे सांगायला आपण विसरतो.

जवळ असण्याचा हा लाभ होता. पोथ्या मठांत बंदिस्त, त्यातल्या कितीतरी सकळ लिपीत. अशा ठिकाणी परक्या विद्वानापेक्षा ओळखीच्या माणसाला दार लवकर उघडते.

माझा आक्षेप मात्र इथेच सुरू होतो. पोथी आणि ताम्रपट हेच साधन मानले, की ज्यांनी काही लिहून ठेवले नाही ते प्रदेशाच्या अभ्यासातून आपोआप गळतात. आमचा जिल्हा कोलामांचा आणि गोंडांचाही आहे. कोलामी भाषेला स्वतःची लिपी नाही. तिचा ताम्रपट कोण आणणार? हा दोष एकट्या शारदाश्रमाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पुण्याची दृष्टीही दप्तरांवरच खिळलेली होती. परंतु घराजवळचे पाहण्यासाठी निघालेल्या संस्थेकडून अपेक्षा अधिक असते, आणि तिचा वारसा सांगणाऱ्या आम्हा हौशी संशोधकांकडूनही. आम्ही अजून जुन्या वाड्यांतली बाडेच उलगडत बसतो. झरी-केळापूरकडच्या पोडांवर सांगणारी म्हातारी माणसे आहेत. यवतमाळहून सकाळची एसटी धरली तर दुपारी त्यांच्या अंगणात बसता येते.