पक्षाघातानंतरची सुधारणा आणि मेंदूचे प्रतिमांकन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पक्षाघाताने लुळा पडलेला हात काही रुग्णांत पुन्हा हलू लागतो. नष्ट झालेल्या चेतापेशी मात्र पुन्हा जिवंत होत नाहीत. मग त्यांचे कार्य कोण करते? मेंदूच्या प्रतिमांकनामुळे या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष पाहता येते, असा समज रूढ आहे. त्या समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
फ्रान्स्वा शोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पक्षाघातातून सावरलेल्या ६ रुग्णांचा 'पेट' तंत्राने अभ्यास केला. निरोगी हाताची बोटे हलविताना मुख्यतः विरुद्ध गोलार्धातील रक्तप्रवाह वाढला. सावरलेल्या हाताच्या वेळी तो दोन्ही गोलार्धांत वाढला. निरोगी गोलार्ध बाधित गोलार्धाचे काम उचलतो, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. परंतु न सावरलेल्या रुग्णांत काय घडते, हे या अभ्यासातून कळणे शक्य नव्हते.

निक वॉर्ड व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २० रुग्णांची हाताची पकड 'एफएमआरआय'द्वारे अभ्यासली. त्यांत ज्यांची सुधारणा कमी, त्यांच्या मेंदूतील सक्रियता अधिक आढळली. म्हणजे अधिक उजळलेली प्रतिमा ही यशाची खूण असेलच असे नाही. ती शिल्लक राहिलेल्या बाधेचीही खूण असू शकते.

ही सक्रियता उपकारक की अपायकारक, हे प्रतिमा सांगत नाही. त्यासाठी मेंदूच्या कार्यात हस्तक्षेप करून पाहावे लागते. २००२ मध्ये योहान्सन-बर्ग व सहकाऱ्यांनी चुंबकीय उद्दीपनाने निरोगी गोलार्धाच्या एका भागाचे कार्य क्षणभर विस्कळीत केले, तेव्हा रुग्णांच्या बाधित हाताचा प्रतिसाद मंदावला. तो भाग साहाय्यकच होता. उलट, २००४ मध्ये मुरासे व सहकाऱ्यांना निरोगी गोलार्धाकडून बाधित गोलार्धावर अवाजवी दमन आढळले. एकच गोलार्ध कोठे आधार देतो, तर कोठे अडसर ठरतो.

आणखी एक मर्यादा मूलभूत आहे. 'एफएमआरआय' चेतापेशींचे कार्य थेट मोजत नाही. रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून ते अनुमानिले जाते. पक्षाघात हा तर रक्तवाहिन्यांचाच विकार! ज्या दुव्यावर अनुमान उभे आहे, तोच येथे दुबळा झालेला असू शकतो.

व्यवहारातील अनुभवही बोलका आहे. हाताच्या सुधारणेचे भाकीत करण्यासाठी ऑकलंड येथे २०१२ मध्ये मांडलेल्या 'प्रेप' पद्धतीत मेंदूच्या रचनेच्या प्रतिमांना स्थान होते. २०१७ च्या 'प्रेप-२' मध्ये ते वगळण्यात आले. पहिल्या काही दिवसांतील खांदा व बोटांची ताकद, वय, पक्षाघाताची तीव्रता आणि आवश्यक तेथे चुंबकीय उद्दीपनाची चाचणी एवढ्यावर ती पद्धत चालते.

निष्कर्ष :
प्रतिमांकनाने संशोधनाला मौलिक प्रश्न दिले, हे निर्विवाद. तथापि, प्रतिमा हा पुरावा नसून पुराव्याचा आरंभ होय. रुग्णाच्या भवितव्याविषयी बोलताना पडद्यावरील रंगांआधी त्याच्या हाताची साधी तपासणी काय सांगते, हे पाहणे अधिक शास्त्रीय ठरते.