‘बाजाराभिमुख नसलेल्या’ विद्या

पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योग परिषदेसाठी मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम् बिर्ला यांनी एप्रिल २००० मध्ये शिक्षणसुधारणेचा जो अहवाल सादर केला, तो आम्ही भाषेच्या अध्यापकांनी परका विषय म्हणून बाजूस ठेवला. वस्तुतः त्यातील शब्दांची परीक्षा हे आमचेच काम होते.

शासनाने शालेय शिक्षणावर भर द्यावा, उच्च व व्यावसायिक शिक्षण खाजगी क्षेत्राकडे सोपवावे, शिकणाऱ्याने त्याचे मोल चुकवावे आणि दुर्बलांस कर्जे व अनुदाने मिळावीत, हा त्या अहवालाचा गाभा होय. अहवालकर्त्यांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की ज्या विद्या बाजाराभिमुख नाहीत त्यांना शासनाने आधार देत राहावे, असे त्यांनी सुचविले आहे. आमचा आक्षेप नेमका या औदार्यावर आहे. त्या एका नकाराने विद्यांची दोन कुळे पडतात: एक कमावते, दुसरे पोसलेले. पोसलेल्याने घरात आवाज चढवू नये, हा व्यवहार कोणास ठाऊक नाही?

आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु येथून पाहता ही वर्गवारी मोठी विचित्र दिसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमेलगतची मराठी घरे मात्र आपल्या भाषेसह तेथेच राहिली. कापसाचा भाव, उधारी, भांडण, सोयरीक हे सारे तेथे तेलुगूच्या जोडीने मराठीत चालते. म्हणजे मराठी बाजारात आहे. ‘बाजाराभिमुख’ विद्येत तेवढी ती नाही! मराठी शाळेतून आलेल्या चार मुलांसाठी महाविद्यालयात वर्ग परवडत नाही, हे उत्तर हिशेबास धरून असेल. पण हिशेब कोणता मांडावा, हाच तर वाद आहे.

भांडवलदाराचे धन त्याज्य, असे आम्ही म्हणत नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लाखांचे दान देऊ केले. त्यास अटी होत्या, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नावही मिळाले. परंतु ग्राहक मोजून निघावयाचे असते, तर स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारी ती संस्था १९१६ साली निघालीच नसती.

दोष केवळ उद्योगपतींकडे नाही. अलीकडे अभ्यासक्रमाच्या तक्त्यात तुकोबांच्या अभंगांपुढे ‘रोजगारोपयोग’ असा रकाना आला. त्यात ‘निवेदन व जाहिरातलेखन’ असे आमच्यापैकीच एकाने लिहिले, आणि बैठकीत आम्ही ते संमत केले.