शिरावरचीं नांवें

नाणेघाटांतील लेण्यांत शिरून मागच्या भिंतीकडे पाहिलें, तर प्रथम ती ओकीबोकीच वाटते. मग वरच्या बाजूस ब्राह्मी अक्षरांच्या आंखूड ओळी दिसूं लागतात : राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा श्रीसातकर्णि, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. या नांवांखालीं एके काळीं त्या त्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज कोठें पावलांची खूण तेवढी दिसते. बाकीच्या मूर्ती काळानें पुसून टाकिल्या. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, जेथून कोंकणांतला माल घाट चढून जुन्नरास येई, त्या वाटेच्या तोंडाशीं एका राजकुलानें हें प्रतिमागृह कोरविलें. महाराष्ट्रांत याहून जुनें प्रतिमागृह आमच्या माहितींत नाहीं. मूर्ती गेल्या तरी तें अजून बोलतें, कारण शिरावरचीं नांवें राहिलीं.

आमच्या कित्येक संग्रहालयांची तऱ्हा नेमकी याच्या उलट आहे. मध्यंतरीं एका संग्रहालयांत (त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं) आम्हीं एक सुंदर पितळी समई पाहिली. खालीं चिठ्ठी होती : "समई. पितळ." पितळ आम्हांस दिसतच होतें! ती कोणत्या गांवची, कोणाच्या देवघरांतली, कोणीं कोणत्या सालीं आणून दिली, याविषयीं त्या चिठ्ठींत अवाक्षर नव्हतें. आणि विचारलें तेव्हां तेथील गृहस्थांस, ती पूर्वींपासून येथेंच आहे, याहून अधिक सांगतां आलें नाहीं.

हें आतांच लिहिण्याचें कारण असें कीं, जुन्नराकडे सध्यां सर्वांचें लक्ष वळलें आहे. २०१८ सालीं जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. जुलै २०२५ मध्यें शिवनेरीसह बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादींत झाली. असा मान मिळाला म्हणजे पैसा येतो, आणि पैसा आला म्हणजे पहिल्यानें इमारत सुचते. भव्य दालनें, बोलणारे पुतळे, अंधारांत उमटणारे प्रकाशाचे खेळ, हें सारें सुचण्यास फारसा वेळ लागत नाहीं. पुण्याच्या कडेच्या आंबेगांव बुद्रुक येथें (हें आंबेगांव निराळें, घोडनदीकाठचें नव्हे) शिवसृष्टीचा पहिला टप्पा २०२३ सालीं खुला झाला, तो या वळणाचा. तेथें इतिहास नाटकाप्रमाणें उभा केला आहे, आणि नाटक म्हणून त्यास आमची हरकत नाहीं; मुलें तेथून हरखून बाहेर पडतात, हेंही थोडें नव्हे. पण जेथें मूळ वस्तु पायाखालीं पडली आहे, तेथें तिची नक्कल कशास?

या बाबतींत साताऱ्याचा अनुभव पाहण्याजोगा आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं जन्मभर खपून जमविलेला कागदपत्रांचा व चित्रांचा संग्रह साताऱ्यास नव्या इमारतींत १९२५ सालीं लोकांस खुला झाला. पुढच्याच वर्षीं पारसनीस वारले, आणि १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. तेथें अभ्यासकांची उत्तम सोय झाली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु सातारा त्यास मुकला, तो मुकलाच. पुढें तेथें शासनाचें संग्रहालय झालें, अलीकडे त्यास मोठी नवी वास्तु मिळाली, आणि जुलै २०२४ मध्यें तेथें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून तीन वर्षांच्या बोलीनें आणलेलीं वाघनखें मांडलीं गेलीं. आपलें होतें तें पुण्यास गेलें, आणि नव्या घराची शोभा उसन्या वस्तूनें झाली.

त्या वाघनखांची लंडन येथील नोंद मात्र आमच्या लोकांनीं मुद्दाम वाचावी. तीं साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलीं, पेटीवरील लेखांत तीं शिवाजी महाराजांचीं म्हटलीं आहेत, पण अफझलखानाच्या वेळचीं तीं हींच, हें सिद्ध करतां येत नाहीं, असें तें संग्रहालय सरळ सांगतें. ही शंका इकडे पुष्कळांस रुचली नाहीं. आम्हांस विचाराल तर वस्तूच्या खालोखाल मोल तिच्या त्या प्रामाणिक नोंदीचेंच आहे. जें ठाऊक आहे तें लिहावें, आणि नाहीं तेंही लिहावें. संग्रहालयाचा धर्म तो हाच.

जुन्नरास नोंदण्याजोगें किती आहे! भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांतील लेखांत दान देणारे केवळ राजे नाहींत : धान्याचे व्यापारी आहेत, बांबूचें काम करणारे आहेत, कांसार आहेत, यवन आहेत. मानमोडीच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम आपल्या दानाचें साल नोंदवून गेला आहे. कुकडीकाठच्या बोरी येथें आदिमानवाचीं दगडी हत्यारें सांपडलीं, आणि त्यांच्याजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर. ती राख सुमात्रांतील टोबा पर्वताच्या पाऊण लाख वर्षांपूर्वींच्या स्फोटाची, कीं त्याहून पुष्कळ जुनी, यावर विद्वानांचे वाद झाले. आणि जुन्नरी कागद! मराठ्यांचा इतिहास ज्या दप्तरांतून लिहिला गेला, त्यांतील कागद पुरविणाऱ्यांत जुन्नरचे कागदी होते. लगदा कुटणारे, तो चौकटीवर उचलणारे, वाळलेला ताव घोटून गुळगुळीत करणारे हे हात इतिहासांत कोठेंच आले नाहींत. त्यांचीं अवजारें एका दालनांत मांडून, शेजारीं त्यांच्या कागदावरचें एखादें पत्र ठेवलें, तर त्यापुढें प्रकाशाचे खेळ फिके पडतील.

आंबेगांवची गोष्ट याहून निकडीची आहे. डिंभें धरणाच्या पाण्याखालीं तें मूळ गांवच गेलें. तालुक्यास नांव राहिलें, गांव राहिलें नाहीं. कचेऱ्या घोडेगांवीं आहेत, आणि जलाशयास याच तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळच्या बाबू गेनूचें नांव आहे, जो १९३० सालीं मुंबईंत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढें आडवा झाला. नाणेघाटांत झालें तेंच येथें झालें. फरक इतकाच कीं, तेथें दोन हजार वर्षें लागलीं आणि येथें आमच्या डोळ्यांदेखत झालें. त्या गांवचीं जातीं, कोरीव चौकटी, हिरडा मोजण्याचीं मापें उठलेल्या घरांबरोबर कोठें कोठें गेलीं, हें सांगणारीं माणसें अजून आहेत, पण तीं म्हातारीं झालीं आहेत. इमारतीचा नकाशा दहा वर्षांनीं काढला तरी चालेल. आज हवी आहे एक वही, आणि ती घेऊन दारोदार हिंडणारा एखादा शाळामास्तर. उन्हाळ्यांत पाणी ओसरून जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात, तेव्हां एखाद्या आजीबाईस त्यानें कांठावर न्यावें. कोणतें जोतें कोणाचें, हें ती बोटानें दाखवील. त्यानें तेवढें उतरून घ्यावें.